हे कुलूप कोणी घातले?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमचे एक जुने विद्यार्थी सहकुटुंब आमच्या भेटीस आले होते. फराळ झाला, चहा झाला, मुलाबाळांची विचारपूस झाली, आणि मग त्या गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढून आमच्यापुढे धरिला व मोठ्या कौतुकाने म्हटले, "सर, तुमचे पुस्तक आता घरबसल्या मिळते, आणि तेही फुकट!" आम्ही चष्मा सावरून पाहतो तो खरोखरच आमचे पुस्तक. मुखपृष्ठापासून प्रस्तावनेपर्यंत आणि प्रस्तावनेपासून लङ्लकाराच्या कोष्टकांपर्यंत सारे जसेच्या तसे. पहिल्या पानावर कोणा ग्रंथालयाचा अर्धवट शिक्का होता, आणि एका समासात कोणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने काढलेले मांजर.

ह्या पुस्तकाची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. आम्ही जुन्या अकरावीचे, म्हणजे मॅट्रिक. पुढे कॉलेजचा योग आला नाही. गिरगावातील एका पाठशाळेत काव्य आणि व्याकरण शिकलो व त्याच भांडवलावर २०१६ साली निवृत्त होईपर्यंत ३६ वर्षे मास्तरकी केली. १९९८ साली पदरचे पैसे घालून आम्ही धातुरूपांचे एक ९६ पानांचे पुस्तक छापविले. हजार प्रती काढल्या. किंमत रुपये २५. सहाशे प्रती कशाबशा खपल्या, शंभर भिडेखातर वाटल्या गेल्या आणि उरलेल्या तीनशे आमच्या दादरच्या बिऱ्हाडी पलंगाखाली अद्यापि विश्रांती घेत आहेत. दर दसऱ्यास घर झाडताना आमच्या कुटुंबाने त्या गठ्ठ्यांविषयी जे उद्गार काढिले ते येथे देण्याचे प्रयोजन नाही. सांगावयाचे इतकेच की, ज्या पुस्तकाने आम्हांस कधी चार पैसे दिले नाहीत ते पुस्तक कोणी तरी टेलिग्रामवरील चार हजार मंडळींच्या एका गटात मांडून ठेविले होते, आणि त्या गोष्टीचा आम्हांस आनंद न होता संताप आला.

पाहुणे गेल्यावर आम्ही लागलीच कागद पुढे ओढून पोलीस ठाण्यास द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा लिहावयास बसलो. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या कायद्याच्या पंचवार्षिक अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. एकत्र कुटुंबात फुकटचा वकील घरातच असणे ही सोय आहे, असे आम्हांस त्या क्षणापर्यंत वाटत होते. तिने मसुदा वाचला, आमच्या दोन ठिकाणच्या 'सबब' शब्दांवर बोट ठेवून ती हसली, आणि मग विचारले, "काका, तक्रार मी नीट लिहून देते. पण तुम्ही मागणार काय?"

"मागणार काय म्हणजे? पुस्तक काढून टाकावे, आणि ते चोरबाजाराचे दुकानच्या दुकान बंद करावे."

"दुकानात तुमच्या पुस्तकाखेरीज आणखी काय काय आहे ते पाहिलेत का?"

आम्ही पाहिले नव्हते. मग तिनेच पाहून दाखविले. शेकडो पोथ्या होत्या. कित्येक तर ज्यांचे कर्ते, संपादक आणि मुद्रक ह्यांस जाऊन शंभर वर्षे होऊन गेली असतील अशा, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या, सुबक टाइपातल्या आवृत्त्या. ज्या 'सिद्धान्तकौमुदी'च्या एका जीर्ण प्रतीवर आम्ही पाचजण पाठशाळेत मिळून शिकलो तीही तेथे होती. आम्ही ती पाहत बसलो, आणि मसुदा त्या दिवशी तसाच राहिला.

तथापि आमचा पक्ष आम्ही सोडला नाही. आणि तो पक्ष दुबळा नाही हे वाचकांपुढे मांडणे अवश्य आहे. आपल्याकडे ग्रंथस्वामित्वाचा कायदा काल परवाचा नव्हे. पहिला कायदा १८४७ सालचा. पुढे १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे पुस्तके नोंदली जाऊ लागली, आणि आमच्या आजोबांच्या कपाटातील कित्येक मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर त्या आक्टाचा उल्लेख व सर्व हक्क स्वाधीन ठेविल्याची सूचना आम्ही लहानपणी वाचलेली आहे. सध्या चालू असलेला कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे पुस्तकावर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क चालतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे ग्रंथ मोकळे होण्याची वेळ आली तेव्हा १९९२ साली ती वाढविण्यात आली. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून कोणासही छापता येते, आणि अनेकांनी ती छापलीही आहे. परंतु जो ग्रंथकार जिवंत आहे, दादरास राहतो आणि ज्याच्या पलंगाखाली तीनशे प्रती पडून आहेत, त्याचे पुस्तक उचलणे हा गुन्हाच होय. जाणूनबुजून असे करणारास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

गिरगावच्या ज्या छापखान्यात आमचे पुस्तक झाले तेथे खिळे जुळविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. संयुक्ताक्षरे जुळविताना त्यांची बोटे ज्या चपळाईने चालत ती पाहून आम्ही थक्क होत असू. फुकटच्या प्रतीत त्यांच्या मजुरीचा वाटा कोठे आहे? मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची. ती खपावयास दहा-दहा वर्षे लागतात. त्यातून शंभर जणांनी फुकट उतरवून घेतले, तर पुढच्या वेळी प्रकाशक कोशाला, व्याकरणाला, संशोधनाला हात लावणार नाही. तो पाककृतींची पुस्तके काढील. फोर्टात फाउंटनच्या पदपथावर गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या बनावट प्रती आणि लॅमिंग्टन रस्त्यावर चित्रपटांच्या व संगणकाच्या तबकड्या उघडपणे विकल्या जात तेव्हापासून आम्ही हेच म्हणत आलो आहो. फरक इतकाच की, त्या वेळी चोर पदपथावर बसत असे आणि गिऱ्हाइकास निदान खाली वाकावे लागे.

आमची पुतणी ह्यावर म्हणाली, "काका, पेला चोरला तर तुमच्याकडे पेला उरत नाही. पुस्तकाचे तसे होते का?" हा युक्तिवाद तरुण मंडळींच्या तोंडी फार असतो आणि तो आम्हांस बिलकूल पटत नाही. परंतु वर्गात आम्ही ३६ वर्षे काय शिकवीत होतो हे तिला ठाऊक होते. विद्याधन चोर नेत नाही, वाटल्याने ते वाढते, असे आम्ही दर वर्षी नव्या मुलांस सांगत असू. ते तिने ऐकविलेच. आम्ही राजशेखराचा आधार घेतला. 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण ह्यांचा त्याने मोठा ऊहापोह केला आहे. नुसत्या प्रतिबिंबाप्रमाणे उतरवून घेणाऱ्यापासून ते ज्यास तो 'परपुरप्रवेश' म्हणतो त्या सूक्ष्म प्रकारापर्यंत त्याने वर्ग पाडिले आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या पंडितासही सर्व उसनवारी सारखी वाटली नाही, हे खरे. पण तो कवींविषयी बोलत होता. टेलिग्रामविषयी नव्हे, असे आम्ही म्हटले आणि आमचे आम्हांसच हसू आले.

शिवाय आमचेही एक पाप होते. १९८५ च्या सुमारास संस्कृत घेतलेल्या मुलांकरिता आम्ही एका जाडजूड व्याकरणाची ३० पाने शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढून वाटली होती. स्टेन्सिल आमच्या हाताने लिहिले, शाई आमच्या सदऱ्याला लागली, आणि ग्रंथकाराची परवानगी घ्यावी असे आमच्या स्वप्नातही आले नाही. पुतणीने आम्हांस अभय दिले. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात शिकविण्याच्या ओघात गुरूने वा शिष्याने केलेली नक्कल अपराध मानलेली नाही. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या विलायती प्रकाशकांनी फिर्याद केली होती. प्राध्यापकांनी नेमलेल्या उताऱ्यांचे गठ्ठे करून तो दुकानदार मुलांस देई. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ती फिर्याद काढून टाकली. "म्हणजे कायद्यालाही चोर आणि मास्तर ह्यांतला भेद कळतो, काका. ज्याला तो कळत नाही ते म्हणजे कुलूप."

'कुलूप' हा शब्द तिने सहज वापरला असेल. आम्हांस मात्र तो लागला, कारण त्या कुलपाशी आमची गाठ पडलेली होती. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा ही विवंचना पडली असता घरातील मुलांनी आम्हांस इंटरनेट आर्काइव्ह हे अमेरिकेतील ग्रंथभांडार दाखवून दिले. १९९६ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत जुनी संस्कृत व मराठी पुस्तके हजारांनी सापडतात, आणि घरबसल्या वाचता येतात. मुंबईतील ग्रंथालयांत ज्या मासिकांच्या फायलींसाठी आम्ही जिने चढउतार केले व अर्ज लिहिले, त्यांतील काही तेथे सकाळच्या चहाबरोबर उघडून बसता येऊ लागले. मग ऑगस्ट २०१७ मधील एका सकाळी ते भांडार उघडेना. पडद्यावर एक कोरडी ओळ आली: दूरसंचार खात्याच्या सूचनेवरून हे स्थळ बंद केले आहे. का, कोणत्या गुन्ह्याबद्दल, किती दिवस, आणि दाद कोठे मागावी, ह्यांतील काहीही नव्हते. आम्हांस वाटले की आपल्याच हातून काही अपराध घडला. दोन दिवस आम्ही कोणास काही बोललो नाही. उगीच ह्या वयात पोलीस दारात नकोत!

पुढे वर्तमानपत्रांतून उलगडा झाला. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी आपले चित्रपट कोणी चोरून दाखवू नयेत म्हणून दक्षिणेकडील एका न्यायालयातून आदेश मिळविला होता, आणि त्यांनी दिलेल्या अडीच हजारांहून अधिक स्थळांच्या यादीत हे भांडारही होते. भांडाराच्या चालकांस कोणी आधी नोटीस दिली नव्हती वा कारण कळविले नव्हते. काही दिवसांनी ते पुन्हा उघडले. ज्यांनी चित्रपट काढिले त्यांचे नुकसान होऊ नये ही आमचीही इच्छा आहे. परंतु त्याकरिता आमची 'सिद्धान्तकौमुदी' कुलपात का पडावी, हे कोडे आम्हांस सुटले नाही. वाड्यातील एका बिऱ्हाडकरूने चोरीचा माल ठेविला म्हणून वाड्याच्या दिंडी दरवाज्यास टाळे ठोकावे, आणि पाणी भरावयास गेलेल्या सोवळ्यातील आजीबाईंस आत येऊ देऊ नये, तसाच हा प्रकार झाला.

ह्या ठिकाणी आमच्या पुतणीने आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयाची जी हकीकत सांगितली ती आम्हांस विशेष वाटली. २०१६ च्या जुलै महिन्यात एका हिंदी चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी असाच अर्ज तेथे आला. अमुक स्थळे सरसकट बंद करावी अशी मागणी होती. न्यायमूर्ती गौतम पटेल ह्यांनी विचारले की, ह्या स्थळांवर चोरीच्या मालाखेरीज दुसरे काहीच नाही हे कोणी तपासून पाहिले आहे काय? तपासल्याखेरीज आख्खे स्थळ बंद करण्यास त्यांनी नकार दिला. चोरीचा दुवा असेल तेवढाच बंद करावा म्हटले. आणि बंद केलेल्या जागी जी पाटी लागेल तिच्यावर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या दाव्यात, कोणाच्या आदेशाने हे केले व ज्यास हरकत असेल त्याने कोठे दाद मागावी हे स्पष्ट लिहिले पाहिजे, असे ठरविले. त्याच सुमारास काही पाट्यांवर असा चित्रपट नुसता पाहणेही तुरुंगाचा अपराध आहे अशी धमकी झळकू लागली होती. नुसते पाहणे हा त्या कायद्याखाली गुन्हा नव्हे, हेही त्यांनी ऑगस्टअखेर सांगितले. आमच्या पडद्यावर आलेल्या कोरड्या ओळीच्या जागी अशी पाटी असती तर आम्ही दोन दिवस उगीच घाबरून बसलो नसतो.

आम्ही म्हटले, "ठीक आहे. पण हे सर्व चोरीविषयी झाले. तू ह्यात भाषणस्वातंत्र्य मधेच का आणतेस? चोराला कसले आले आहे भाषणस्वातंत्र्य?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, दादाने त्या रात्री काय लिहिले होते ते तुम्हांला आठवते का?"

ह्या प्रश्नाने आम्ही एकदम १३ वर्षे मागे गेलो. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी, शनिवारी, बाळासाहेब ठाकरे ह्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर त्यांचा अंत्यविधी झाला. आमच्या घरापासून ते मैदान चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. दादरचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. दुकाने बंद, वाहने बंद, रडणारी म्हातारीकोतारी माणसे. तो लोकांचा शोक खरा होता हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमचा पुतण्या, म्हणजे ह्या मुलीचा थोरला भाऊ, त्या वेळी १९ वर्षांचा होता. रविवारी रात्री त्याने फेसबुकवर शहर बंद राहण्याविषयी दोन ओळी लिहिल्या. त्यांत अपशब्द नव्हता, कोणाचा उपमर्द नव्हता, एवढे आम्हांस पक्के स्मरते. त्याच्या आईने त्या पाहिल्या, ती घाबरून आमच्याकडे आली, आणि आम्ही त्यास बोलावून सर्वांदेखत सांगितले, "हे आत्ताच्या आत्ता पुसून टाक."

तो म्हणाला, "काका, ह्यात चूक काय आहे ते सांगा, मी पुसतो."

"चूक काय ते विचारू नकोस. पूस म्हटले की पूस."

त्याने पुसले. सोमवारी बातमी आली की, पालघर येथे, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, विशीतील एका मुलीने बंदविषयी शंका घेणारा मजकूर फेसबुकवर लिहिला व तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली, म्हणून दोघींस अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. आमच्या घरात सर्वांनी म्हटले, "पाहा, काकांचे ऐकले म्हणून वाचलो." आणि आम्ही, ज्यांनी दर वर्षी नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला इतिहास घुसडून १९०८ चा टिळकांचा खटला सांगितला, केसरीतील लेखांसाठी ६ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगार ६ दिवस काम टाकून बाहेर राहिले हे सांगताना ज्यांचा आवाज भरून येई, त्या आम्ही ती स्तुती मुकाट्याने स्वीकारली.

ती रात्र योग्य होती की अयोग्य, ह्याचा निवाडा आम्हांस आजही करिता येत नाही. रस्त्यावर जमाव होता, घरात तरुण पोर होते. कोणताही वडील माणूस हेच करील असे मन सांगते. पण 'चूक काय' ह्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही. कारण उत्तर नव्हते.

पालघरच्या त्या प्रकरणात जे कलम लाविले ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते आले व ऑक्टोबर २००९ पासून अमलात होते. संगणकावरून पाठविलेला मजकूर 'अत्यंत आक्षेपार्ह' असेल, किंवा त्याने कोणास 'त्रास' वा 'गैरसोय' होईल, तर ३ वर्षांपर्यंत तुरुंग. गैरसोय! आमच्या ३६ वर्षांच्या नोकरीत सहामाही परीक्षेची वेळापत्रके लावून आम्ही किती पालकांची गैरसोय केली असेल ह्याची गणतीच नाही. ह्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात पहिली धाव कोणी घेतली, तर कोणा नामांकित पुढाऱ्याने नव्हे. श्रेया सिंघल नावाची २१ वर्षांची मुलगी, इंग्लंडात शिकून आलेली व कायद्याचा अभ्यास करण्याच्या तयारीत असलेली; पालघरची बातमी वाचून तिने त्याच महिन्यात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरीमन ह्यांनी ते कलम समूळ रद्द ठरविले. मताची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि लोकांस हिंसेस चिथावणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि राज्याचा हात तिसऱ्या पायरीवर पडावा, असा त्या निकालाचा मथितार्थ आमच्या पुतणीने आम्हांस समजावून दिला. आश्चर्य असे की, मेलेल्या कलमाखालीही पोलीस पुढे कित्येक वर्षे गुन्हे नोंदवीत राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास पुन्हा बजावून सांगावे लागले.

"आता पाहा," ती म्हणाली, "त्याच निकालात ६९-अ हे कलम मात्र राहिले. त्याखाली सरकार एखादे स्थळ किंवा मजकूर बंद करू शकते. कारणे लेखी द्यावी लागतात, म्हणून न्यायालयाने ते राखले. पण २००९ च्या नियमांत सोळावा नियम आहे, तो म्हणतो हे सारे गुप्त ठेवा. म्हणजे कारण लिहिलेले आहे, पण ज्याचे तोंड बंद केले त्याला ते वाचावयास मिळेलच असे नाही. चित्रपटांच्या चोरीसाठी २०२३ साली सिनेमाचा कायदा कडक झाला. चित्रगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास ३ महिने ते ३ वर्षे कैद, आणि दंड ३ लाखांपासून चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. ते मला मान्य आहे. पण त्याच वर्षी केंद्राच्या प्रसारण खात्याने अधिकारी नेमले, आणि त्यांनी सांगितले की ४८ तासांत दुवा काढावा लागतो. न्यायाधीश नाही, अधिकारी. आज तो चित्रपटच काढील. उद्या कोणी आपल्यावरील टीकेत आपल्या भाषणाचा तुकडा वापरला म्हणून 'माझी चोरी झाली' असे म्हणत आला, तर? चोरीचे निमित्त करून तोंड बंद करणे सोपे असते, काका. तेथे कोणालाच सहानुभूती नसते."

ह्या शेवटच्या वाक्याने आमच्या मसुद्यावर पाणी पडले. कारण आम्हीही नेमके तेच मागत होतो: कोणी विचारू नये, तपासू नये, दुकानच्या दुकान बंद व्हावे. तरुणांच्या बोलण्यात अतिशयोक्ती असते हे धरूनही, सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्याच फोर्टातील उच्च न्यायालयाने सरकारी कामाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच समितीने ठरवावे हा नियम रद्द केला, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. त्या प्रकरणी आधी जानेवारीत दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर ह्यांच्या मताने निर्णय लागला. विद्वान न्यायाधीशांतही जेथे एकमत होत नाही तेथे एखाद्या कारकुनाने दोन दिवसांत निवाडा करावा, हे आम्हांस आता तितकेसे सोपे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही पुतणीस बजावून सांगितली व ती तिने मान्य केली. तिच्या वर्गातील मुले नवा मराठी चित्रपट पहिल्याच आठवड्यात फुकट उतरवून पाहतात आणि त्यास स्वातंत्र्य म्हणतात. ते स्वातंत्र्य नव्हे, चिकटपणा होय. ज्यास शंभर रुपयांची कॉफी परवडते त्याने तिकीट काढावे.

पोलिसांकडे आम्ही गेलो नाही. त्या टेलिग्राम गटाच्या चालकास पत्र लिहिले. पुतणीने ते टंकून पाठविले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. गृहस्थ रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहेत. शेवटची प्रत त्यांस एका ग्रंथालयाच्या रद्दीत मिळाली, पुस्तक कोठे विकत मिळेना, कर्ता हयात असेल असे वाटले नाही, ह्याबद्दल क्षमा असावी, आणि आज्ञा झाल्यास तत्काळ काढून टाकतो, असे लिहिले होते. कर्ता हयात नसावा ही कल्पना आमच्या कुटुंबास फारशी रुचली नाही. आम्ही मात्र तेव्हा प्रथमच ती प्रत अखेरपर्यंत चाळली, आणि पाहतो तो शेवटचे पान नाही! शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होते. ४१ व्या पानावर 'दा' धातूच्या एका रूपात आमच्याकडून मोठी चूक राहिली होती; छापून झाल्यावर ध्यानात आली म्हणून ते पान वेगळे छापून चिकटविले होते. रद्दीतील प्रतीतून ते गळून पडले असावे. म्हणजे चार हजार मुले आमच्या नावावर अशुद्ध रूप घोकीत होती. आम्ही त्याच रात्री शुद्धिपत्राचे छायाचित्र काढून पाठविले आणि कळविले की, पुस्तक राहू द्यावे. परंतु हे पान पहिले लावावे, आणि छापील प्रत हवी असल्यास दादरास तीनशे शिल्लक आहेत असे खाली लिहावे. पुढच्या वेळी मात्र आधी विचारावे, ही ओळही घातली. आजवर ११ प्रती गेल्या.

मग काही दिवसांनी आम्ही पुतण्यास फोन केला. तो आता पुण्यास नोकरीत आहे, त्यास एक मुलगी आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यास विचारले की, त्या रात्री तू काय लिहिले होतेस? तो हसला. म्हणाला, "काका, इतक्या वर्षांनी? खरेच आठवत नाही हो. त्यानंतर मी तसे काही लिहीतच नाही." पुतणीस विचारले. ती तेव्हा ८ वर्षांची, अंथरुणात जागी होती. तिला वाक्य आठवत नाही. आमचा चढलेला आवाज तेवढा आठवतो, असे ती म्हणाली.